परतीच्या वाटेवरची टकटक

आवाज फक्त संध्याकाळी यायचा. सकाळी गाडी घरातून निघायची तेव्हा इंजिन अगदी गुमान चालायचं. संध्याकाळी तीच गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, की मी फाटकात उभा राहून ऐकायचो. टक्, टक्, टक्. ॲक्सिलरेटर दाबला की सुरू, सोडला की बंद. वेग वाढला की टकटक दाट व्हायची. लाकडी दारावर कुणी बोटाच्या पेरानं घाईनं वाजवावं तशी.

आमची गाडी लहान आहे, पांढरी, पेट्रोलवर चालणारी. मी घेतली तेव्हाच ती दुसऱ्याची वापरलेली होती आणि आता मीटर लाखाच्या बरंच पुढे गेलं आहे. कागदावर ती माझ्या नावावर आहे, पण चालवते बायको. मी सळ्यांच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसतो. कारखाना जवळ आहे, मला दुचाकी पुरते. तिची जिल्हा परिषदेची शाळा मंठ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरून एका फाट्यानं आत गेल्यावर आहे. आमच्याच कॉलनीतल्या आणखी तीन शिक्षिका त्या शाळेत आहेत. त्यातल्या एक मुख्याध्यापिका. आधी या चौघी जीपनं जायच्या. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे किती, याला जीपवाल्याच्या हिशेबात काही हद्द नाही. एकदा दोन तास उभ्यानं, वाकून, दुसऱ्याच्या बोचक्यावर हात ठेवून ती घरी आली आणि म्हणाली, "मी गाडी शिकते."

तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. शिकवणीवाल्यानं रस्त्यावर शिकवलं, बाकीचं ती आमच्या गल्लीत शिकली. फाटकाच्या डाव्या खांबाला गाडी घासली ती त्याच दिवसांत. खांबावर पांढरा ओरखडा अजून आहे. दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा मी म्हटलं, हाही बुजवून टाकू. तिनं नको सांगितलं. माझ्या बायकोला आठवणी जपायची फारशी आवड नाही. लग्नाचे फोटोही कपाटाच्या वर पडलेले असतात. पण हा ओरखडा मात्र तिनं ठेवला.

गाडीला आवाज येऊ लागल्यापासून संध्याकाळी फाटकात रोज एक बैठकच भरायची. चौघी आमच्याच दारात उतरतात. उतरल्या उतरल्या मुख्याध्यापिका बाई सांगायच्या, "भाऊ, आज तर गाडी दार वाजवून राह्यली होती. कोण हे, कोण हे, म्हणतच आलो आम्ही."

सगळ्यांत लहान बाई, नुकतीच बदलून आलेली, मला दाजी म्हणते. ती म्हणायची, "दाजी, आम्ही पाढे त्याच ठेक्यावर म्हटले. सतराचा पाढा एकदम बराबर बसतो."

मी हसायचो, पण मनातून अस्वस्थ असायचो. मग रोजच्यासारखी डिकी उघडायची, पाण्याचे कॅन उतरवायचे, जिचा तिला द्यायचा. आमच्याकडे नळाला पाणी कधी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, आणि ते वापरापुरतंच. शाळेमागच्या विहिरीचं पाणी गोड आहे. डाळ त्यात नीट शिजते. म्हणून चौघी आपापला कॅन तिथून भरून आणतात. कॅन उतरवले, बाया आपापल्या घरी गेल्या, की मी चावी घ्यायचो आणि मोठ्या रस्त्यापर्यंत एक चक्कर टाकून यायचो. जाताना चढ आहे, तिथं मुद्दाम दाबून चालवायचो.

आवाज नाही.

असं एकदा नाही, रोज व्हायचं. ती आली की आवाज आणि मी बसलो की शांतता. मला हे पटेना. काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. आकडा चुकत नसतो, काहीतरी धरायचं राहिलेलं असतं. ट्रक येताना रिकामा तोलायचा, जाताना भरलेला तोलायचा, वजाबाकी केली की माल. वजाबाकी जुळली नाही तर ड्रायव्हर खाली उतरलाय का बघायचं, ताडपत्री ओली आहे का बघायचं, काट्याखाली दगड अडकलाय का बघायचं. तसंच मी गाडीशी वागायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचं.

आधी पेट्रोल पंप बदलला. मग तिला एसी बंद ठेवायला सांगितलं. त्या उन्हात चौघींनी मला काय काय म्हटलं असेल ते मी विचारलं नाही. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल खुणेइतकं होतं आणि स्वच्छ होतं. टायरची हवा पाहिली. प्लग काढून पुसून बसवले. रविवारी सकाळी बोनेट उघडून, चालू इंजिनावर लांब पेचकसाचं टोक टेकवून, मूठ कानाला लावून मी एकेक जागा ऐकली. डॉक्टर छाती तपासतात तसं. शेजारचे काका कंपाउंडवरून बघत होते. म्हणाले, "काय, ताप हे का?"

"ताप नाही, खोकला आहे," मी म्हटलं.

"मंग वाफ द्या," म्हणाले आणि आत गेले.

पेचकसातून मला इंजिनाची नेहमीची घरघर ऐकू आली, तिच्याखाली झडपांची बारीक टिकटिक, बाकी काही नाही. शेवटी बायपासवरच्या गॅरेजात गाडी नेली.

तिथला मिस्त्री आमची गाडी पहिल्यापासून बघतो. कामात बरा आहे, पण घाईचा माणूस. एका गाडीखाली असतानाच त्याचा जीव दुसरीत असतो. त्यानं जागेवरच इंजिनाचा वेग चढवून उतरवून पाहिला, एक चक्कर मारली. आवाज आला नाही. मग मला म्हणाला, "आता तुम्ही सांगा, आवाज कसा."

मी सांगितलं. दाबलं की येतो, सोडलं की जातो, वेगाबरोबर वाढतो, पायाखालून येतो, सकाळी नसतो, संध्याकाळी असतो.

"पिस्टनच्या रॉडचं बेअरिंग," तो लगेच म्हणाला. "लोडवर वाजून राह्यलं ते. सकाळी ऑइल थंड असतं, घट्ट असतं, बेअरिंग गप बसतं. संध्याकाळी ऑइल तापून पातळ झालं की बोलतं."

ऐकायला सगळं बरोबर होतं. पण मी म्हटलं, "संध्याकाळी ती उतरली की लगेच मी चालवतो. तेव्हा ऑइल तापलेलंच असतं. तरी आवाज नाही."

त्यानं हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "म्हंजे आवाज येतो तेव्हा गाडी कोन चालवतं?"

"ती."

"अन् येत न्हाई तेव्हा?"

"मी."

"मंग साहेब, आता मी काय बोलू?" तो हसला. "मॅडम चढावर टॉपमधीच गाडी ओढत असतील. खालचा गियर टाकायचा आळस. इंजिन ठोकतं मंग. अन् असं ठोकून ठोकूनच बेअरिंग जातं. आज मॅडमच्या पायानं वाजून राह्यलं, उद्या तुमच्याही पायानं वाजेल. इंजिन खोलावं लागेल."

इंजिन खोलायचा जो अंदाज त्यानं दिला त्यात गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला असता. तो स्वतःच म्हणाला, एवढा खर्चा करण्यापेक्षा आहे त्या भावात काढून टाका, गिऱ्हाईक मी आणतो. आणि तोवर लांब नेऊ नका.

मी घरी येऊन त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. माझी ही सवय आहे. कुणी काय म्हटलं त्यात मी आपल्या पदरचं घालत नाही आणि त्यातलं काढतही नाही. ही सवय नेहमीच चांगली असते असं नाही. बायको भाकरी थापत होती. तिचा हात परातीवर थांबला.

"म्हणजे आवाज माझ्या पायाचा हे का गाडीचा?"

"तो म्हणतो, दोन्हीचा. पायानं सुरू झाला आणि गाडीला लागला."

"तो काय म्हणतो ते कळलं. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "आतापर्यंत जे जे पाहिलं त्यात तेवढा एकच फरक सापडतो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न बघता बोलली. "गाडी म्हातारी झाली असंल तर विका. मी जीपनं जाईन, त्यात काय. पण माझ्या पायाचा आवाज निघाला, तर तुम्ही नवी घ्या का जुनी ठेवा, मी पुन्हा चावी हातात घेणार न्हाई. तीन बायांचा जीव घेऊन बसते मी तिथं. नीट येत नसंल तर बसू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी दाराजवळच्या खिळ्यालाच राहिली आणि चौघी जीपनं गेल्या. संध्याकाळी ती आली तेव्हा पदर चुरगळलेला होता. हातपाय धुऊन ती स्वयंपाकाला लागली. पिण्याच्या पाण्याचा जार मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. जीपमध्ये माणसालाच जागा नाही, पाण्याला कुठून असणार. जारच्या पाण्याला आमची मुलगी नाक मुरडून म्हणाली, हे नुसतं ओलं आहे, चव नाही.

मला गाडीची काळजी फारशी नव्हती. जुन्या वस्तूनं कधीतरी जायचंच असतं. पण खिळ्यावरची ती चावी मला रोज जाता येता दिसायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो. बायको हट्टी नाही. शब्दाची पक्की आहे. चावी घेणार नाही म्हणाली म्हणजे घेणार नाही.

म्हणून मी शेवटची एक चाचणी ठरवली. आवाज ज्या परिस्थितीत येतो ती सगळी जशीच्या तशी उभी करायची. तोच रस्ता, तेवढंच अंतर, तेवढीच माणसं, तीच चालवणारी, आणि शेजारी मिस्त्री. मिस्त्रीला रविवारी तयार करायला वेळ लागला. जेवण आमच्याकडे, असं कबूल केल्यावर तो आला. दोन बाई आनंदानं तयार झाल्या. तिसरीकडे भाचीचा साखरपुडा होता, म्हणून तिच्या जागी मी बसायचं ठरलं. माझं वजन त्या बाईंपेक्षा बरंच जास्त आहे आणि मिस्त्री तर वरचाच. म्हणजे ओझं रोजच्याहून जास्त होणार होतं. चाचणी कडक झालेली बरी, असं मी मनाशी म्हटलं.

तयार नव्हती ती फक्त बायको. "मी त्या माणसापुढं परीक्षा देणार न्हाई," ती म्हणाली.

मुख्याध्यापिका बाई पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पेपर गाडीचा हे. तू नुसती सुपरव्हिजनला बस."

मग तिनं खिळ्यावरची चावी काढली. परीक्षेपुरती, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मिस्त्री पुढे बसला, आम्ही तिघं मागे. मधे मी, दोन्हीकडून पर्स. रविवारचा रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली रानं, मधूनच मोसंबीची बाग. ती चालवत होती आणि मिस्त्री रस्त्याकडे न बघता तिच्या पायांकडे बघत होता. चढाच्या आधीच ती खालचा गियर टाकायची, गतिरोधकाच्या आधी वेग उतरवायची. मी इतके दिवस तिच्या मागे बसलो नव्हतो. ती माझ्यापेक्षा नीट चालवते हे मला पहिल्या चढावरच दिसलं.

आवाज आला नाही. पहिल्या चढावर नाही, दुसऱ्यावर नाही. मोठ्या पुलानंतर रस्ता खराब आहे, तिथंही नाही.

मिस्त्री मागे वळून मला म्हणाला, "पाह्यलं का साहेब? आज मॅडम जपून चालवून राह्यल्या, तर इंजिन कसं गप हे. परीक्षेच्या दिवशी सगळेच हुशार असतात."

"मी रोज अशीच चालवते," बायको म्हणाली. आवाज शांत होता, पण आरशात मला तिच्या कपाळाची शीर दिसत होती.

"अशीच चालवतात," लहान बाई म्हणाली. "आम्ही रोज बसतो ना."

"तुमचं ध्यान मोबाइलात असतंय ताई, पायाकडं कोन बघतं?"

"अन् तुमचं ध्यान पायाकडंच असतंय," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "जरा रस्त्याकडं पण बघा. चांगला रस्ता हे." मिस्त्रीनं मान पुढे वळवली.

पण त्यानं काही बदलत नव्हतं. मी मनात वजाबाकी करत होतो आणि ती बायकोच्या विरुद्ध जात होती. रस्ता तोच, इंजिन तापलेलं, माणसं रोजच्याहून जास्त. राहिलं काय, तर फक्त तिचं चालवणं. आणि आज ते चांगलं होतं म्हणून आवाज नव्हता, असाच अर्थ कुणीही काढला असता. मी तिच्यासाठी म्हणून आखलेली चाचणी तिच्यावरच उलटली होती. तिला ते माझ्या आधी कळलं असणार. फाटा आला तसा तिनं वेग कमी केला आणि विचारलं, "इथून वळवू का?"

"वळवा," मिस्त्री म्हणाला. "समजलं आता."

"वळवा काय?" मुख्याध्यापिका बाई मागून म्हणाल्या. "फाट्यापर्यंत आलो अन् पाणी न घेता परत जायचं? सगळ्यांचे रिकामे कॅन मी निघतानाच डिकीत टाकलेत. घरात चार दिवस झाले, विकतचं पाणी पिऊन राह्यलो आम्ही. आत घे गं."

मला ते आवडलं नाही. मी म्हणालोही, "बाई, चाचणी चालू आहे. मधे घरकाम नको."

"भाऊ, तुमची चाचणी तहानेली मरंल," त्या म्हणाल्या. बायकोनं गाडी आत घेतली.

शाळा बंद होती, पण विहिरीवरच्या टाकीचा नळ बाहेर आहे. चौघींचे चार कॅन मी आणि मिस्त्रीनं भरून डिकीत ठेवले. दोन पुढे, दोन मागे, मापानं केल्यासारखे बसतात. मिस्त्री ओंजळीनं पाणी प्याला, त्यानं तोंड पुसलं, "लय गोड हे," म्हणाला, आणि आपल्या बाटलीतलं ओतून देऊन तीही भरून घेतली. मी सावलीत उभा राहून घड्याळ बघत होतो. बायको गाडीत बसूनच होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

गावातून निघालं की एक नाला लागतो आणि नाल्यातून वर येताना छोटासा चढ. तिनं दुसरा गियर टाकला, ॲक्सिलरेटर दिला.

टक्. टक्. टक्, टक्, टक्.

मिस्त्रीनं हात वर केला. "थांबू नका मॅडम. अजून द्या." आवाज दाट झाला. "सोडा." बंद झाला. "परत द्या." परत आला. त्यानं गियरच्या दांड्यावर तळवा ठेवला, वाकून कान खाली नेला. मग सरळ बसला आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "सेकंड हे. टॉप न्हाई. पाय बराबर हे."

"मंग?" बायको म्हणाली. गाडी चढावर आणून तिनं बाजूला उभी केली, इंजिन बंद केलं.

"मंग बेअरिंगच," तो म्हणाला. पण त्याचा स्वर आता पक्का नव्हता.

मी मनात सुरुवातीपासून मोजायला लागलो. इंजिन येतानाही तापलेलं होतं. माणसं तीच. चढ तर येताना याहून मोठे होते. बदललं काय?

बायको वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू काहीतरी आलं. "अहो," ती म्हणाली, "तुमच्या काट्यावर ट्रक येताना कसा असतो?"

"रिकामा."

"अन् जाताना?"

"भरलेला," मी म्हटलं. ती तोवर खाली उतरली होती. डिकी उघडून तिनं पहिला कॅन स्वतःच ओढून रस्त्याच्या कडेला ठेवला. मग आम्हीही उतरलो आणि चारही कॅन ओळीनं धुळीत उभे केले. सगळे परत बसलो, गाडी मागे नाल्यात नेली आणि तोच चढ, तोच गियर, तेवढाच पाय. आवाज नाही. कॅन परत चढवले. आवाज आला. मिस्त्री म्हणाला, अजून एकदा. त्याला आता मजा वाटायला लागली होती. एक म्हातारा सायकलवर जाता जाता थांबून बघायला लागला. "पाणी विकता काय?" त्यानं विचारलं. लहान बाई म्हणाली, "न्हाई बाबा, तोलतो आहोत."

मग मिस्त्री डिकीतलं पोतं अंथरून मोबाइलची बत्ती घेऊन गाडीखाली शिरला. खालूनच हाका मारायला लागला. "साहेब, या, या! इथं बघा." मी कपड्यांचा विचार न करता झोपलो. सायलेन्सरचा नळ इंजिनापासून निघून, मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरून शेवटाकडे जातो. जिथं तो दांड्याच्या अगदी जवळ येतो तिथं लोखंडावर एक टिकली चकाकत होती. बाकी सगळीकडे गंज आणि चिखल, तेवढीच जागा घासून लख्ख. नळ ज्या रबरांना लटकतो ती रबरं ओघळून लांबट झाली होती. नंतर बोनेट उघडल्यावर दिसलं की इंजिन ज्यावर बसतं त्यातलं एक रबर, गॅरेजवाले त्याला फाउंडेशन म्हणतात, ते फाटलेलं होतं.

एकदा दिसल्यावर सगळं सोपं होतं. पाण्यानं गाडीची मागची बाजू दबायची आणि नळ दांड्याला टेकायचा. ॲक्सिलरेटर दिला की फाटक्या रबरावर इंजिन हलायचं, त्याच्याबरोबर नळ हलायचा आणि दांड्यावर वाजायचा. म्हणून आवाज इंजिनाच्या तालात. लोखंडातून तो पुढे जाऊन पायाखाली निघायचा. रॉड, बेअरिंग, सगळं शाबूत होतं.

वीस लिटरचा कॅन, म्हणजे वीस किलो. असे चार. ऐंशी किलो, कॅनचं वजन वेगळंच. मी आणि मिस्त्री बसून ओझं वाढवलं असं मला वाटत होतं, पण मिस्त्री पुढे होता आणि मी मागच्या चाकांच्या अलीकडे. पाणी चाकांच्या पलीकडे, अगदी शेवटाला. वजन किती, एवढंच मी धरलं होतं. ते कुठं ठेवलंय, हे धरलं नव्हतं. आणि पाणी तर मुळात धरलंच नव्हतं. रोज संध्याकाळी ते ऐंशी किलो मी माझ्या दोन हातांनी खाली उतरवायचो आणि मगच गाडी तपासायला न्यायचो.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "भाऊ, पाणी काय सामान हे का? तुम्हाला कसं आठवंल ते."

त्यांनी ते माझी चूक हलकी करायला म्हटलं, पण मला ते खरं वाटलं. आमच्याकडे कुणी दारात आलं तर पाणी देतात आणि ते दिल्यात धरत नाहीत. चहा झाला नाही तर लोक म्हणतात, काहीच घेतलं नाही. पाण्याचा तांब्या पिऊन झालेला असतो, तरी काहीच घेतलं नाही. जे रोज वाहून आणावं लागतं आणि ज्याच्याशिवाय भागत नाही, ते कुणी मोजत नाही.

परतताना आवाज सगळ्या वाटेनं येत होता. तो कशाचा आहे ते कळल्यावर कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. लहान बाईनं सतराचा पाढा म्हणून दाखवला. खरंच बराबर बसत होता.

सोमवारी सगळी रबरं बदलली. मिस्त्रीनं गाडी स्वतः घरी आणून दिली. बायको शाळेत होती, त्या दिवशीही जीपनं. चावी माझ्या हातात देत तो म्हणाला, "मॅडमला सांगा, मी बोललो ते जरा जास्त बोललो. अन् एक सांगू का? क्लच घासलाय. मी पाह्यलं ना, मॅडमचा पाय क्लचवर राहत न्हाई. तुमचा राहतो. जरा मॅडमपाशी शिकून घ्या."

हेही मी घरी जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बरं." चावी मी खिळ्याला अडकवली. सकाळी दाढी करत होतो तेव्हा बाहेर फाटक उघडल्याचा आवाज आला. गाडी सुरू झाली. मी येऊन पाहिलं तर खिळा रिकामा होता.

संध्याकाळी मी फाटकात उभा राहिलो. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, मागून चांगलीच बसलेली, म्हणजे कॅन भरलेले होते. मी कान दिला. फाटकाशी येऊन ती थांबली, पण इंजिन बंद केलं नाही. काच खाली केली, माझ्याकडे बघितलं आणि जागेवरच ॲक्सिलरेटर दाबला. सोडला. पुन्हा दाबला. आत बसलेल्या तिघी माझं तोंड बघत होत्या. इंजिनाची घरघर चढली आणि उतरली. मग गाडी चढणीवरून आत घेतली, खांबाला अगदी चिकटून पण न घासता. टकटक नव्हती. डिकीतून फक्त पाणी हिंदकळल्याचा डबडब आवाज आला. तो इतके दिवसही येत असणार.

तिनं इंजिन बंद केलं, चावी काढून पर्समध्ये टाकली.

"उतरवा आता," ती म्हणाली. मी डिकी उघडली.